तू मला डिसअपॉइंट केलंस!

मैत्रिणींनो, हल्ली आपल्या घरांत एक पाहुणा शब्द चांगलाच रुळलाय, 'डिसअपॉइंट'. पुरणपोळी फुटली, 'हे' साडी आणायला विसरले, मुलाला गुण कमी मिळाले, सगळीकडे तोच! मी इंग्रजीच शिकवते, तेव्हा त्या भाषेवर माझा राग नाही हो. पण परवा एक आई चाचणीचा पेपर बघून मुलाला चारचौघांत म्हणाली, "तू मला डिसअपॉइंट केलंस." पोराचं तोंड एवढंसं झालं. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ ठाऊक आहे? पदावरून काढून टाकणे! मुलाच्या पदावरून काढल्यासारखंच वाटलं असेल त्याला.

आपल्याकडे कसं, ऐन सहलीच्या दिवशी पाऊस आला की हिरमोड होतो. हळदीकुंकवाच्या गर्दीत कुणी खोचक बोललं की आनंदावर विरजण पडतं. भली समजलेली व्यक्ती तशी निघाली नाही, तर भ्रमनिरास. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली नि भाव कोसळले, तेव्हा आमच्या घोडेगावच्या कांदा बाजारात 'हिरमोड' पुरला नसता. तिथं सगळं मुसळच केरात! आणि गंमत बघा, हिरमोड 'होतो', विरजण 'पडतं'. समोरच्यावर बोट रोखावं लागत नाही.

मुलाला सांगायचंच असेल, तर "मला वाटलं होतं जास्त मिळतील" एवढंच म्हणा. मग पेपर घेऊन त्याच्याशेजारी बसा. स्पेलिंगं चुकली असतील, ती आधी बघा.