लोंढा ते वास्को : एक प्रमेय

गेल्या महिन्यात घाटातून रेल्वेने वास्कोला ताईकडे गेलो होतो. भाऊजी मूळचे धारवाडकडचे. भाची वडिलांशी कन्नडमध्ये आणि आईशी मराठीत बोलते. या खेपेला मात्र ती कुणाशीच बोलत नव्हती. जेवणानंतर म्हणाली, "मामा, मी एम.एस्सी. सोडतेय."

निमित्त आस्कोली-आर्झेलाच्या प्रमेयाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोघा इटालियन गणितज्ञांनी ते मांडले. वही हातात घेतली आणि मी चरकलो. एम.ए.ला ही सिद्धता मी घोकून लिहिली होती. अर्थ विचारायचे धाडस झाले नव्हते.

मग सकाळचा घाट आठवला. वहीच्या मागच्या पानावर आडवी वेळ, उभे अंतर धरून गाडीची रेषा काढली. गाडी कशीही धावो, रेषा तुटत नाही. म्हणून ती संतत. आता अशा अगणित गाड्या कल्पा, साऱ्या लोंढा-वास्को याच पट्ट्यातल्या. प्रत्येक गाडी आधीच्या गाडीहून जोरात पळू लागली, तर रेषा उभ्या होत जातात. शेवटच्या चित्रात गाडी या क्षणी कॅसलरॉकला, तर पुढच्याच क्षणी कुळ्याला! तिथे रेषा तुटली. पण सगळ्यांना मिळून एकच वेगमर्यादा घातली, की त्या गर्दीतून एक रांग नेहमी अशी निवडता येते, जी एका अखंड रेषेच्या हवी तितकी जवळ जाते. प्रत्येकीला आपापली वेगळी मर्यादा असून भागत नाही. ही सामाईक मर्यादा म्हणजे समसांतत्याचे साधे रूप, आणि अशी रांग हमखास मिळणे हे संहततेचे लक्षण.

"पण उपयोग काय?" भाचीने विचारले. गोव्यात बसून हा प्रश्न! गोव्यातच जन्मलेले दामोदर कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून ठाऊक. पण १९४३ साली त्यांनी फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावर निबंध लिहिला होता. योगायोगाने वेड्यावाकड्या धावणाऱ्या रेषा ठरावीक साच्यांच्या बेरजेत मांडायची ती रीत, पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने गाजली. तिच्या पायाशी हीच संहतता आहे.

भाऊजी दारात उभे होते. "तिळीतेन?" त्यांनी लेकीला विचारले.

"अर्ध तिळीतु," ती म्हणाली.

उरलेले अर्धे मलाही नीट येत नव्हते. रात्री दोघांनी पुन्हा वही उघडली. सोमवारी ती तासाला गेल्याचे ताईने फोनवर कळवले.