न भिजवता शिजणारं

गेल्या आठवड्यात ऑफिसातून परतताना जिन्यात मसूर करपल्याचा वास आला. वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय. दोघंही नोकरीवाले, घरातले दिवे लागतात तेच मुळी आठ वाजून गेल्यावर. गॅसवर ठेवून कुणी फोनवर बोलत राहिलं असेल, किंवा बसल्या बसल्या डोळा लागला असेल. मला तो वास सहन होत नाही. वळणावर कठड्याला धरून मी उभी राहिले.

डोंबिवलीच्या घरात आई संध्याकाळी आत शिरायची आणि पर्स खांद्यावरून उतरण्याआधी गॅस पेटायचा. व्हीटीहून निघालेल्या गाडीतच मेथी निवडून झालेली असायची. पण उसळीचं गणित सकाळी ठरायचं. मटकी किंवा मूग भिजत घालायचे राहिले, की त्या रात्री मसूर. बारीक चपटा दाणा आणि पातळ साल, त्यामुळे त्याची कुणाला आधीपासून आठवण ठेवावी लागत नाही. माझ्या आईला जगात अशा फार थोड्या गोष्टी भेटल्या.

एकदा कुकरची रिंग गेली होती, म्हणून तिने मसूर पातेल्यात टाकला आणि भिंतीला टेकून क्षणभर खाली बसली. बसली ती झोपलीच, पर्स तशीच खांद्याला. बाहेरच्या खोलीतून बाबांनी आवाज दिला, "अगं, लागलं बघ काहीतरी." ते तिच्या आधी तासभर घरी आलेले होते. आमचे बाबा प्रेमळ होते, आमच्या वह्यांना कव्हरं घालून द्यायचे, आजारपणात रात्र रात्र जागायचे. पण त्या दिवशी ते उठले नाहीत. आईने पातेलं मोरीत ठेवलं, नवा मसूर धुतला, आणि तो शिजेपर्यंत कणीक मळली. मग आम्ही जेवायला बसलो आणि ती एकेक पोळी तव्यावरून आमच्या ताटात टाकत राहिली. त्या रात्री ती स्वतः काय जेवली? खूप ताण देऊनही मला आठवत नाही. कुठल्याच रात्रीचं तिचं ताट मला आठवत नाही.

माझा नवरा बोटीवर इंजिनियर होता, मालक ग्रीक. पिरियसच्या बंदरामागच्या एका गल्लीत, कामगार जेवतात अशा खाणावळीत, त्याने पहिल्यांदा तिकडचा मसूर खाल्ला. तिथे त्याला फाकेस म्हणतात. आता तो पवईला किनाऱ्यावरची नोकरी करतो आणि मंगळवार-गुरुवारचा स्वयंपाक त्याचा असतो. मसुराला एक उकळी आणून तो ते पाणी ओततो. नव्या पाण्यात चिरलेला कांदा, लसणाच्या अख्ख्या पाकळ्या, तमालपत्र, थोड्या वेळाने टोमॅटो, आणि हात आखडता न घेता ऑलिव्हचं तेल. तिकडचं तमालपत्र लॉरेलच्या झाडाचं. आपलं दालचिनीच्या कुळातलं, त्यामुळे आमच्या पातेल्याचा वास पिरियसचा नसतो, आमचाच असतो. व्हिनेगर अगदी शेवटी, ताटात. आधी घातलं तर आंबटपणामुळे साल लवकर मऊ पडत नाही. आईही आमसूल शेवटीच टाकायची.

सोबत काकडी-टोमॅटो आणि पाव. तिकडे खारवलेला मासा घेतात, आम्ही सुका बांगडा भाजतो. सगळं मिळून पाऊण तास, आणि त्यातला अर्धा तास पातेलं एकटंच काम करतं. तेवढ्यात तो आंघोळ करून येतो. मी बसते. नुसती बसते, आणि ते मला अजूनही फार मोठं वाटतं.

या जेवणाला आता जगभर भूमध्यसागरी आहार म्हणतात. अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1958 साली सात देशांतल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास सुरू केला. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत कमी निघाले, आणि त्यांचं खाणं म्हणजे कडधान्य, रानभाज्या, भाकरीसारखा जाडाभरडा पाव आणि भरपूर तेल. अभ्यास पुरुषांचा. त्या रानभाज्या वाकून खुडणाऱ्या आणि पीठ मळणाऱ्या हातांची नाडी त्यात कुणी मोजली नव्हती, हे मला खुपतं. कीजची बायको मार्गारेट स्वतः जीवरसायनशास्त्रज्ञ होती. पाककृतींसह निघालेल्या त्यांच्या पुस्तकांवर तिचंही नाव आहे. पुढे दोघं दक्षिण इटलीतल्या पिओप्पी गावात राहिले. कीज गेला तेव्हा शंभर वर्षांचा होता.

क्रीटमधली मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे तिथला पाव. सातूचा पाव दोनदा भाजून खडखडीत वाळवतात आणि तो आठवडेच्या आठवडे टिकतो. खायच्या वेळी पाण्याचा हबका मारायचा, वर किसलेला टोमॅटो आणि तेल. शिळा आहे म्हणून कुणाचा मान कमी होत नाही. आमच्याकडे मात्र तव्यावरची पोळी ताटात पडली नाही तर जेवण झालंच नाही असं मानणारी माणसं होती, अजून आहेत. या गरम पोळीवर माझा राग आहे. तिच्या चवीवर नाही. ती वाढणारी बाई उभी राहते, यावर आहे. दिवसभर फायली उपसून आलेल्या किती बायकांना या एका हट्टाने आपल्याच घरात पंगतीबाहेर ठेवलं!

मसुराला मानाची जागा कुठे नव्हतीच. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय, की सम्राट कॅलिगुलासाठी इजिप्तहून प्रचंड दगडी स्तंभ आणला, तेव्हा जहाज डोलू नये म्हणून तळाला मसूर भरला होता, 1 लाख 20 हजार मापं. तो स्तंभ 1586 पासून व्हॅटिकनच्या चौकात उभा आहे, लोक माना वर करून बघतात. नवऱ्याला हे सांगितलं तर तो लगेच तळातल्या वजनाबद्दल बोलायला लागला. ते नसेल तर वरचा दगड पहिल्याच लाटेला कलंडेल म्हणाला.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. मधूनमधून राहायला येते. मागच्या गुरुवारी नवऱ्याने तिच्यासमोर ताट ठेवलं. तिने एक घास घेतला, "आमसूल नाही का रे घरात?" म्हणाली, आणि उठू लागली. कशाला, तर दोन पोळ्या टाकते. आम्ही दोघांनी तिला खाली बसवलं. मग मी विचारलंच, तू तेव्हा रात्री काय जेवायचीस?

"सकाळची उरलेली पोळी. आमटीत कुस्करून. मला तीच आवडायची."

खरंच आवडायची? मी पुन्हा विचारलं. हो म्हणाली, भिजली की छान लागते. मी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ती चिडली. नवरा म्हणाला, अगं, आवडत असेल. मला पटत नाही. उद्याच्या डब्यासाठी केलेल्यातली एक पोळी मी तिच्या ताटात ठेवली. तिने ती कुस्करली, वरून आमटी घेतली, आणि नवऱ्याकडे थोडं तेल मागितलं.