बिनगांवचा किनारा

निर्जन बेटाविषयीं गर्दींत राहणाऱ्या माणसाच्या मनांत एक चमत्कारिक ओढ असते. लोकलच्या दारांत लोंबकळतांना, पाण्यावरून शेजाऱ्याशीं भांडतांना किंवा लग्नाच्या पंगतींत वाढप्याची वाट पाहतांना आपण मनांतल्या मनांत त्या बेटावर जाऊन पोंचतों. तेथें नारळाचीं झाडें असतात, पांढरी वाळू असते, निळें पाणी असतें, आणि मुख्य म्हणजे दुसरें कोणी नसतें. आमच्याही मनांत असें एक बेट लहानपणापासून होतें. वयाच्या साठाव्या वर्षीं तें आम्हांस प्रत्यक्ष दिसलें. इतकेंच नव्हे, तर सकाळपासून दुपारपर्यंत तें आमच्या उपभोगासाठीं मोकळें ठेवलेलें होतें. मात्र आमच्याबरोबर आणखी सुमारें दोन हजार माणसें तेथें एकांत भोगावयास आलीं होतीं.

ही गोष्ट २०१९ सालच्या फेब्रुवारींतली. आमची कन्या फ्लॉरिडांत असते. तिनें आग्रहानें आम्हांस, सौभाग्यवतीस आणि आमच्या एकोणऐशीं वर्षांच्या मातोश्रींना एका प्रवासी जहाजावर चढवून दिलें. अशा जहाजांच्या सफरींत आतां एक नवा प्रकार रूढ झाला आहे. पूर्वीं जहाज एखाद्या शहराच्या बंदराला लागे, आणि उतारू त्या शहराच्या बाजारांत, देवळांत, गल्लीबोळांत हिंडून येत. आतां जहाज-कंपन्या स्वतःचींच बेटें बाळगतात. बहामा देशांत लहानमोठीं सुमारें सातशें बेटें असून त्यांतल्या तीसेक बेटांवरच मनुष्यवस्ती आहे. उरलेल्यांपैकीं कांहीं बेटें या कंपन्यांनीं विकत किंवा भाड्यानें घेतलीं आहेत. आम्ही उतरलों तें बेट इल्यूथेरा आणि कॅट आयलंड या दोन बेटांच्या मधोमध आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें चोवीसशें एकर. हॉलंड अमेरिका या जुन्या कंपनीनें तें १९९६ सालीं साठ लक्ष डॉलरांना विकत घेतलें आणि त्याला ‘हाफ मून के’ असें नांव दिलें. अलीकडे त्या नांवाच्या आधीं विश्रांतीचा बोध करून देणारें आणखी एक नांव जोडण्यांत आलें आहे.

त्याचें मूळचें नांव मात्र ‘लिटल सान साल्व्हादोर’, म्हणजे धाकटा सान साल्व्हादोर. या धाकट्याच्या नांवाची कथा मोठी मौजेची आहे. १२ ऑक्टोबर १४९२ रोजीं कोलंबसानें ज्या बेटावर पाय ठेवला, त्याला तेथील लुकायन लोक ग्वानाहानी म्हणत. कोलंबसानें त्याचें नांव सान साल्व्हादोर, म्हणजे पवित्र तारक, असें ठेवलें. पुढें हें बेट नेमकें कोणतें याविषयीं पंडितांत वाद माजले. कॅट आयलंड हेंच तें, असें पुष्कळ काळ मानीत, म्हणून त्याला सान साल्व्हादोर आणि शेजारच्या लहान बेटाला धाकटा सान साल्व्हादोर म्हणूं लागले. १९२६ सालीं थोरल्याचें हें नांव काढून घेऊन तें वॉटलिंग नांवाच्या दुसऱ्याच बेटास देण्यांत आलें. धाकटा मात्र थोरल्यावांचून तसाच धाकटा राहिला. ज्यांच्या बेटांचीं हीं बारशीं चाललीं होतीं, ते लुकायन लोक मात्र कोलंबसाच्या आगमनानंतर तीसेक वर्षांच्या आंत नाहींसे झाले. स्पॅनिश लोकांनीं त्यांना धरून हिस्पानिओला बेटावरच्या खाणींत राबावयास आणि दूरच्या समुद्रांत मोत्यांसाठीं बुड्या मारावयास नेलें. रोगांनीं उरलेलें काम पुरें केलें.

हें सर्व आम्हीं नंतर वाचलें. त्या दिवशीं सकाळीं आमच्यासमोर होता तो केवळ किनारा, आणि त्याच्या सौंदर्याविषयीं कृपणपणा करण्याची आमची इच्छा नाहीं. जहाज दूर नांगरून उभें राहिलें आणि लहान होड्यांनीं आम्हांस धक्क्यावर पोंचविलें. सुमारें दोन मैल लांबीची अर्धवर्तुळाकार पुळण, पिठासारखी बारीक वाळू, आणि पाण्याचे असे निळे-हिरवे रंग कीं पैठणीच्या काठापदरांची आठवण व्हावी. जागोजाग सांवलीचीं छत्रें आणि आरामखुर्च्या मांडलेल्या. एक लहानसें प्रार्थनामंदिर होतें, तें लग्नें लावण्यासाठीं. एक फुटक्या गलबताच्या आकाराचें मद्यगृह होतें, तें चांचेगिरीच्या स्मरणासाठीं. घोड्यांवर बसून समुद्रांत शिरण्याची सोय होती. कोठें कागदाचा कपटा नाहीं, भिकारी नाहीं, फेरीवाल्याचा ससेमिरा नाहीं. सौभाग्यवतींनीं आरामखुर्चींत अंग टाकलें आणि “इथें कुणाचा त्रास म्हणून नाहीं हो!” असा अभिप्राय दिला.

मातोश्रींनीं मात्र बसण्यापूर्वीं काठी टेकून चहूंकडे पाहिलें आणि विचारलें, “इथलं गांव कुठंशी रे?”

“इथें गांव नाहीं, आई.”

“मग ग्रामदैवत?”

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मातोश्रींचा सारा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतल्या एका समुद्रकांठच्या गांवांत गेला आहे. कोठेंही परगांवीं गेलें कीं आधीं तेथल्या देवाला नमस्कार करावयाचा, मग पाण्यांत पाय घालावयाचा, हा त्यांचा शिरस्ता. त्यांत भाबडेपणा आहे असें आम्हांला आजवर वाटत आलें होतें. त्या दिवशीं प्रथमच लक्षांत आलें कीं तो एक साधा शिष्टाचार आहे. पाहुण्यानें घरांत शिरतांना यजमानास हांक मारावी, तसा.

दुपारीं जेवणाच्या मांडवांत याचें उत्तर मिळालें. अन्न जहाजावरूनच आणलें होतें आणि वाढणारेही जहाजावरचेच होते. त्यांत आमच्या बोलण्याकडे कान देऊन उभा असलेला एक तरुण गोव्याच्या सासष्टीचा निघाला. गोव्याच्या घराघरांतून दर्यावर चाकरीला जाणाऱ्या या लोकांना तिकडे ‘तारवटी’ म्हणतात. आजा तारवटी, बाप तारवटी, आणि हाही तारवटी. आठ महिन्यांचा करार, त्यांतले पांच संपलेले, आणि घरीं एक वर्षाची मुलगी. तिला त्यानें अजून चालतांना पाहिलें नव्हतें. मातोश्रींनीं त्यालाही तोच प्रश्न केला. तो ख्रिस्ती, पण प्रश्नाचा अर्थ त्याला आमच्यापेक्षां लवकर उमगला. हंसून तो म्हणाला, “माई, हांगा गांवच ना, मागीर देव खंयचो?” गांवच नाहीं, तर देव कोठला! मग आवाज उतरवून त्यानें सांगितलें कीं आपण या बेटावर तीसेक वेळां आलों. पण हें आपलें पाहिलेलें ठिकाण आहे असें घरीं सांगावेंसें वाटत नाहीं, कारण येथें कोणाची ओळख झाली असें होत नाहीं. शेजारच्या बेटांवरचीं माणसें कामाला असतात. तींही आपल्यासारखींच आपलें घर दुसरीकडे ठेवून आलेलीं.

जेवणानंतर आम्ही दोन झाडांमध्यें बांधलेल्या जाळीच्या झोळींत पडलों. इंग्रजींत तिला ‘हॅमॉक’ म्हणतात. समोर मांसाचे तुकडे भाजणें चाललें होतें, त्याला ‘बार्बेक्यू’ म्हणतात. आणि पाण्यांत मुलें वल्हवीत होतीं त्या निमुळत्या नावेला ‘कॅनू’ म्हणतात. हे तिन्ही शब्द लुकायन लोक ज्यांची शाखा होते त्या ताइनो लोकांच्या भाषेंतून स्पॅनिशांनीं उचलले आणि तेथून ते जगभर गेले. माणसें गेलीं आणि त्यांचे सुखाचे शब्द मागें उरले! त्या शब्दांतच आम्ही झोंके घेत होतों. निर्जन बेट म्हणून ज्याचें आपण स्वप्न पाहतों, तें मुळांत निर्जन असतेंच असें नाहीं. पुष्कळदां तें कोणीतरी निर्जन केलेलें असतें.

हा विचार आला आणि झोळींतली झोंप उडाली. कारण वाचकांपासून लपवूं नये तें असें कीं याच सुमारास आमच्या हातूनही एक किनारा निर्जन होण्याच्या बेतांत होता.

गांवीं आमचें वडिलोपार्जित आगर आहे. नारळ, पोफळी, मध्यें विहीर, आणि पश्चिमेला कुंपणापलीकडे लागलीच पुळण. घर पडावयास आलेलें. धाकटे बंधु मुंबईस, आम्ही पुण्यास. गांवीं केवळ मातोश्री आणि एक गडी. अशा वेळीं एक गिऱ्हाईक चालून आलें. त्याला तेथें सुट्टीकरितां येणाऱ्या लोकांसाठीं बंगल्या बांधावयाच्या होत्या. किंमत आमच्या कल्पनेबाहेरची होती. अट एकच. आमच्या आगराच्या कडेनें, बेडें सरकवून, समुद्रावर जाणारी एक वाट आहे. ती कागदोपत्रीं कोठें नाहीं. पण कोळी त्याच वाटेनें जाळीं नेतात, नारळी पौर्णिमेचा नारळ त्याच वाटेनें जातो, आणि अनंतचतुर्दशीला त्या वाडींतले सारे गणपति आमच्या पोफळींखालून विसर्जनास जातात. भरती-ओहोटीच्या मधली वाळू सरकारची, म्हणजे सर्वांची. परंतु तिच्यापर्यंत पोंचण्याची वाट आमच्या जमिनींतून. सुविधाधिकारांच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणें वीस वर्षें उघडपणें, शांतपणें, अखंड आणि हक्क म्हणून वापरलेल्या वाटेवर हक्क उत्पन्न होऊं शकतो. म्हणून गिऱ्हाइकाचें म्हणणें असें कीं ‘या जमिनींतून कोणाचीही वहिवाट नाहीं’ असें आम्हीं लिहून द्यावें. “असं लिहावंच लागतं,” दलाल म्हणाला होता, “त्यांत काय मोठंसं!” बंधूंनीं सही केली होती. आमची परत आल्यावर व्हावयाची होती. मातोश्रींना आम्हीं केवळ विक्रीचें सांगितलें होतें, वाटेचें सांगितलें नव्हतें.

झोळींतून उठून आम्ही त्यांच्याजवळ जाऊन बसलों आणि सर्व सांगून टाकलें. त्या बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरें झालें असतें.

मग म्हणाल्या, “आपल्या पुळणीवर परकं माणूस दिसलं कीं कोणीतरी विचारतंच, तूं कोणाचा रे? मला लग्नानंतर पहिल्या दिवशीं विचारलं होतं, कोळणीनं. इथं सकाळपासून मला कोणी विचारलं नाहीं. नुसतं कार्ड बघितलं.” थोडें थांबून पुढें म्हणाल्या, “जमीन विकायची तर विका. घर म्हातारं झालंय, मीही झाल्यें. पण जी वाट मीं साठ वर्षं डोळ्यांनीं पाहिली, ती नव्हतीच, असं माझ्या मुलानं लिहून देऊं नये.”

तीन वाजण्याच्या सुमारास परतण्याची सूचना झाली. लोक टॉवेल झटकून रांगेंत उभे राहिले. मातोश्री पाण्याच्या कडेला गेल्या, ओणवून ओले हात कपाळाला लावले आणि वळल्या. आपल्याकडे निघतांना ‘जातों’ म्हणत नाहींत, ‘येतों’ म्हणतात. आणि तें म्हणावयास समोर कोणीतरी लागतें. त्यांनीं इकडेतिकडे पाहिलें. मांडवांत तो गोव्याचा तरुण भांडीं आवरीत होता. त्याच्याकडे पाहून त्या मोठ्यानें म्हणाल्या, “येतें रे बाळा!” त्यानें हातांतलें पातेलें खालीं ठेवलें आणि दोन्ही हात जोडले. होडी निघाली तेव्हां बेटावर आम्हांला ओळखणारें तेवढें एक माणूस होतें, आणि तेंही पुढच्या होडीनें परत येणार होतें.

आम्हीं सही केली नाहीं. वाटेसकट जमीन घेण्यास गिऱ्हाईक तयार नव्हतें, तेव्हां व्यवहार मोडला. या गोष्टीस कोणी मनाचा मोठेपणा म्हणूं नये, कारण तिची किंमत आम्ही अजून देत आहों. बंधूंचा हिशेब रास्त होता; त्यांच्या मुलाचें शिक्षण त्या पैशांवर अवलंबून होतें. दोन वर्षें त्यांनीं आमच्याशीं बोलणें टाकलें. आतां त्यांचा हिस्सा आम्ही हप्त्याहप्त्यानें देत असतों, आणि ते तो मुकाट्यानें घेतात. घराची पश्चिमेची भिंत अजून टेकूवर उभी आहे. सौभाग्यवती अधूनमधून त्या बेटाची आठवण काढून म्हणतात कीं तेथें कुणाचा त्रास नव्हता. तें खरेंच आहे.

गेल्या अनंतचतुर्दशीला आम्ही गांवीं होतों. तिन्हीसांजेला ताशांचा आवाज जवळ आला तसें बेडें सरकवावयास आम्हीच गेलों. पहिल्या गणपतीमागून एक सातआठ वर्षांचा पोर डोक्यावर पाट घेऊन येत होता. आम्हांला अनोळखी पाहून तो थबकला आणि ज्याचें घर त्यालाच त्यानें विचारलें, “तुम्ही कोणाचे?”

आम्हीं ओसरीवर बसलेल्या मातोश्रींकडे बोट केलें. त्याचें समाधान झालें. “मग बाजूला व्हा,” तो म्हणाला, “मागून आणखी येतायत.”