रंग राखणे म्हणजे पाणी राखणे

आपल्या वसतिगृहात पहिले शील रोज उच्चारले जाई. म्हणूनच डोंबिवलीतील आमच्या घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाहून जुने सहाध्यायी विचारतात, मुक्या जिवास काचेत ठेवणे त्या शीलास धरून आहे काय? प्रश्न रास्त आहे.

दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. ते आम्ही ठेवीत नाही. आमच्याकडे आहेत ते मऊ प्रवाळ, तेही दुसऱ्या टाकीत वाढलेल्यांचे तुकडे.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवले वस्तीस असतात व प्रकाशाच्या बळावर त्यास अन्न पुरवितात. तपकिरी छटा त्यांची. हिरवा, केशरी, जांभळा हे रंग बहुतांशी प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांचे. पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट साचले की शैवले माजतात आणि प्रवाळ मळकट दिसू लागतो. तीच द्रव्ये पार नाहीशी केली तर तो फिकट होतो. पाणी तापले तर शैवले बाहेर टाकली जातात. प्रवाळ पांढरा पडतो आणि ती लवकर न परतल्यास उपाशी मरतो. तथागतांनी सांगितलेला मध्यम मार्ग येथे डोळ्यांना दिसतो.

म्हणून रंगासाठी आम्ही वेगळे काही करीत नाही; पाणी स्थिर ठेवतो. उष्णता २५-२६ अंश, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. वाफ होऊन घटलेले पाणी रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरून काढायचे, कारण क्षार मागेच राहतात. दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलायचे. नवा दिवा मंद ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वाढवायचा. वैशाखात चिलर अखंड चालतो. वीज गेल्यास हवेचा पंप बॅटरीवर.

समुद्राला चिलर नाही. १९९८ व २०१६ साली तापलेल्या समुद्रांत जगभरचे प्रवाळ पांढरे पडले. आपल्या मालवणच्या सागरी अभयारण्यातही प्रवाळ आहेत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी व हाजी अली येथील प्रवाळ २०२० साली दुसरीकडे हलवावे लागले.

सहाध्यायांस आमचे उत्तर असे: प्राणिहिंसा टाळणे म्हणजे केवळ न मारणे नव्हे, जो जीव आपल्यावर विसंबला, त्याची रोज निगा घेणे होय. हे सातत्य ज्यास जमणार नाही, त्याने टाकी घेऊ नये. ज्यास जमेल, त्याने मालवणच्या प्रवाळांचीही तितकीच काळजी वाहावी.