गोदाकांठापासून मांजराकांठापर्यंत

सुटीमध्यें मुलांना घेऊन कोठें जावें हा प्रश्न आपल्या घरांतून दरवर्षीं निघतो, आणि बहुधा महाबळेश्वर, कोंकण किंवा एखादें तीर्थक्षेत्र यांवर येऊन मिटतो. मराठवाड्याचें नांव निघालेंच तर तें वेरूळ-अजिंठ्यापुरतें. नांदेड व लातूर हे दोन जिल्हे पाहण्यासारखे आहेत असें कोणी सांगत नाहीं. हवा कोरडी, उन्हाळा कडक, डोंगर बेताचे. असें असतांही गेल्या कार्तिकांत मी माझ्या दोन नातवंडांसह आठ दिवस तिकडे काढले. आणि लहान मुलांस सृष्टिविज्ञानाची गोडी लावण्यास याहून सोयीचा मुलूख महाराष्ट्रांत थोडाच असेल, असें माझें मत झालें आहे. नात नऊ वर्षांची, नातू सहा वर्षांचा. बरोबर सामान फार नव्हतें: मोडक्या लाऊडस्पीकरांतून काढलेलें एक लोहचुंबक, एक भिंग, चार आगपेट्या आणि सायकलच्या दुकानांतून घेतलेली व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. या नळीची हकीकत पुढें येईल.

नांदेडास उतरल्यावर प्रथम सचखंड गुरुद्वाराचें दर्शन घेतलें. गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं येथें देह ठेवला; हल्लीची इमारत महाराजा रणजितसिंगांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविली. या स्थानाचें वर्णन पुष्कळांनीं केलेलें आहे, म्हणून मी येथें रेंगाळत नाहीं. मुलांचें खरें लक्ष गेलें तें गोदावरीच्या पात्राकडे. वाळूंत बसकण मारण्याची परवानगी मिळतांच नातवानें चुंबक मागितलें. मीं तें कागदांत गुंडाळून त्याच्या हातीं दिलें आणि कांहीं न सांगतां बाजूस उभा राहिलों. वाळूंतून दोनचार वेळां फिरवतांच कागदावर काळ्या कणांची दाढी उगवली. कागद काढला कीं दाढी गळून पडे, पुन्हां गुंडाळला कीं पुन्हां उगवे. अर्धा तास हाच उद्योग चालला होता. मग पोरानें वर पाहून विचारलें, "आजोबा, नदीला लोखंड कोणीं दिलें?"

मोठ्या माणसांस हा प्रश्न सुचत नाहीं, कारण वाळू म्हणजे वाळू, असें आपण एकदां ठरवून मोकळे झालेलों असतों. ते कण मॅग्नेटाइट नांवाच्या लोहयुक्त खनिजाचे. दख्खनच्या काळ्या दगडांत हें खनिज असतें. दगड झिजला कीं पाऊस व ओढे तें नदीच्या स्वाधीन करितात. परंतु हें उत्तर मीं लगेच दिलें नाहीं. "नदी कोठून कोठून येते, आणि वाटेंत तिला काय काय भेटतें, तें आपण पाहूं," इतकेंच म्हणालों. 

दुसऱ्या दिवशीं नायगांव-नरसीवरून देगलूरकडे गेलों. या रस्त्यावर एक चमत्कार आहे, आणि तो पाहण्यास तिकीट पडत नाहीं. नांदेडच्या आसपास जो काळा, एकरंगी दगड सर्वत्र दिसतो तो जिल्ह्याच्या आग्नेय बाजूस नाहींसा होतो आणि मोठमोठ्या गोलसर शिळा दिसूं लागतात. मुलांनीं भिंग लावून पाहिलें. काळ्या दगडांत वेगळे कण ओळखूं येत नव्हते; या नव्या दगडांत गुलाबी, पांढरे आणि काळे चमकणारे असे निरनिराळे कण स्पष्ट दिसले. हा ग्रॅनाइट. सह्याद्रीपासून नांदेडपर्यंत पसरलेला काळा बेसाल्ट सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याच्या थरांनीं बनला. हा ग्रॅनाइट दोनशें कोटी वर्षांहूनही जुना. लाव्ह्याची चादर येथें विरळ होत संपते आणि खालचें उघडें पडतें. नातीनें तें आपल्या भाषेंत बसविलें: "म्हणजे काळा दगड ही गोधडी, आणि हा गुलाबी दगड खालची गादी." या उपमेचा आम्हांस पुढें किल्लारीस उपयोग झाला.

नांदेडास आम्ही ज्या स्नेह्यांकडे उतरलों होतों त्यांच्या स्वयंपाकघरांत एक दुपार गेली, ती मला साऱ्या प्रवासांत अधिक मोलाची वाटते. अर्धापूरच्या बाजूस केळीबरोबर हळदीचेंही पीक मोठें. घरांत ताजी दळलेली हळद होती. गृहिणीबाईंनीं मुलांना ती पाण्यांत कालवून जुन्या वहीच्या कागदांवर फांसूं दिली. कागद वाळल्यावर मुलांनीं घरांतील एकेक पदार्थ त्यावर ठिपक्यांनीं लावून पाहिला. लिंबाच्या रसानें कांहींच होईना. ताकानें नाहीं, चिंचेनें नाहीं. धुण्याच्या साबणानें मात्र पिवळा कागद झटकन् तांबडा झाला! खाण्याच्या सोड्यानें तांबूस, विड्याच्या चुन्यानें तर गर्द. आणि त्या तांबड्यावर लिंबू पिळतांच पुन्हां पिवळा. नातवास वाटलें कीं लिंबांत जादू आहे. नातीस वाटलें कीं साबणांत आहे. दोघांचें भांडण मिटवण्यासाठीं त्यांनीं आपण होऊन एक यादी केली: कागद तांबडा करणारे पदार्थ एका बाजूस, न करणारे दुसऱ्या. न करणाऱ्यांची चव बहुतेक आंबट, हें नातीच्या लक्षांत आलें तें तिचें तिलाच. मीं सांगितलें असतें तर तें तिच्या कानांत शिरून तेथेंच राहिलें असतें.

गृहिणीबाई हंसून म्हणाल्या, "अहो, आमच्या आजी हळदीपासूनच कुंकू करीत. त्यांत लिंबाचा रस असे, आणि बरोबर खार. आम्ही त्याला प्रयोग म्हणत नव्हतों एवढेंच." आपल्या घरांतील बायका पिढ्यान्‌पिढ्या रसायनशास्त्र वागवीत आल्या आहेत, पण मुलीच्या पाठ्यपुस्तकांतील आम्ल व अल्कली हे शब्द आणि देवघरांतील कुंकवाचा करंडा यांची गांठ कोणी घालून देत नाहीं.

ही गांठ घालण्याचा उद्योग आपल्याकडे अगदींच नवा नाहीं. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढें १९४५ सालीं ताराबाई बोर्डीस गेल्या, आणि मॉन्टेसोरीबाईंच्या पद्धतीचीं महाग साधनें बाजूस सारून त्यांनीं शिंपले, खडे, बिया व पानें यांवर बालवाडी चालविली. १९५७ पासून तेंच काम कोसबाडच्या टेकडीवर चाललें. त्यानंतरच्या पिढींत अरविंद गुप्ता. कानपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेंत शिकलेला हा अभियंता पुण्याच्या कारखान्यांतून १९७८ सालीं वर्षाची रजा काढून मध्यप्रदेशांत होशंगाबादला गेला. तेथें १९७२ पासून खेड्यांतील शाळांत मुलांकडून प्रयोग करवून विज्ञान शिकविण्याचा उपक्रम चालू होता. त्या गांवच्या आठवडेबाजारांत हिंडतांना आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांची जोडी त्यांना सुचली. पुढें पुण्यास आयुकाच्या विज्ञानकेंद्रांत त्यांनीं टाकाऊ वस्तूंचीं शेंकडों खेळणीं केलीं व तीं सर्वांस फुकट खुलीं ठेवलीं. माझ्या पिशवींतली नळी ती हीच.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर असें करीत लातुरास गेलों. दोहों बाजूंस काळी जमीन; सोयाबीन निघून गेलेलें, कोठें ज्वारी वर आलेली. चहासाठीं थांबलों तेथें नातीनें शेतांतली माती उचलून तिचा लाडू वळला, आणि गोदावरीच्या गाळाचा एक लाडू तिच्या डब्यांत होताच, तो ओला करून तेवढाच केला. दोहोंचा घेर दोऱ्यानें मोजून ठेवला. चार दिवसांनीं दोरा पुन्हां लावला तेव्हां काळ्या मातीचा लाडू चांगलाच आक्रसून त्यास भेगा पडल्या होत्या, गाळाचा फारसा बदलला नव्हता. काळ्या मातींतले चिकण कण पाणी पिऊन फुगतात व सुकले कीं आक्रसतात. उन्हाळ्यांत शेताला पडणाऱ्या भेगा, पावसाळ्यांत पायाला चिकटणारे गोळे आणि घरांच्या भिंतींना जाणारे तडे, हीं सारीं त्याचींच रूपें.

लातुरांत पाण्याची गोष्ट काढल्यावांचून गत्यंतर नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें आणि शहराला आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं मिरजेहून सुमारें ३४० किलोमीटर चालून दहा डब्यांची पहिली गाडी आली, तींत पांच लक्ष लिटर पाणी होतें. ज्या मार्गानें ती आली तो बार्शी लाइट रेल्वेचा, अडीच फूट रुंदीचा जुना मार्ग: लातुरास १९११ सालीं व मिरजेस १९२७ सालीं पोंचलेला, आणि अलीकडे रुंद केलेला. नातीस गणित घातलें. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें शहराची वस्ती ३ लक्ष ८३ हजारांच्या आसपास. तर त्या पहिल्या गाडीनें माणशीं किती पाणी आलें? उत्तर आलें १.३ लिटर. तिनें तेवढें पाणी तांब्यांत मोजून घेतलें आणि त्यांत सकाळचें सारें उरकून पाहण्याचा पण केला. दांत घासून, तोंड धुऊन तांब्या रिकामा झाला. पिण्यास थेंब उरला नाहीं. पुढें पन्नास डब्यांची गाडी येऊं लागली तेव्हां हा आंकडा साडेसहा लिटरपर्यंत गेला. तिनें दुसऱ्या दिवशीं तेवढ्यांतही राहून पाहिलें. आंघोळ राहिली!

किल्लारी लातुरापासून दक्षिणेस. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें ३ वाजून ५६ मिनिटांनीं, गणपतीचें विसर्जन करून लोक झोपले असतांना, येथें भूकंप झाला आणि हजारों माणसें घरांतच गाडलीं गेलीं. दख्खनचें पठार अचल आहे, ही समजूत त्या पहाटें गेली. पुढें हैदराबादच्या भूभौतिक संशोधन संस्थेनें येथें ६१७ मीटर खोल छिद्र घेतलें, तेव्हां ३३८ मीटरपर्यंत बेसाल्ट, मग गाळाचा पातळ थर आणि त्याखालीं अतिप्राचीन खडक लागला. "येथें गोधडी तीनशें अडतीस मीटर जाड," नात म्हणाली. खोल असलेली तीच गादी देगलूरला आपण हातानें चांचपली होती, हें तिला सांगावें लागलें नाहीं.

रात्रीं मुलांनीं परातींत वाळू पसरून दोन घरें मांडलीं. एक खड्यांचें व चिखलाचें, वर चिखलाचें जड छप्पर, जुन्या माळवदासारखें. दुसरें काड्यांचें, सांधे रबरी नळीचे. नुसता चौकोन बोटानें ढकलतांच कलंडे. त्यांत एक काडी तिरपी घालून त्रिकोण केले कीं ढकलून हालेना. परात हालविली. खड्यांचें घर छपरासह बसलें, काड्यांचें डुललें आणि उभें राहिलें. आमचे यजमान त्या वर्षीं दहावींत होते. ते पाहत होते. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "आमच्या मामांच्या भिंती दोन हात जाड होत्या. जाड म्हणून सगळे निर्धास्त." माझ्या नातवानें खड्यांचें घर पुन्हां बांधावयास घेतलें, या वेळीं छप्पर कागदाचें.

यजमानांच्या सूनबाईंनीं मग आपली अडचण सांगितली. लातूर म्हणजे परीक्षांचें गांव. बारावी व वैद्यकीय प्रवेशासाठीं महाराष्ट्रभरचीं मुलें येथें येऊन राहतात, आणि कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पुष्कळ मुलांना या कसून घेतलेल्या तयारीनेंच डॉक्टर केलें आहे; त्याची थट्टा करणें मला पसंत नाहीं. त्यांचा मुलगा सात वर्षांचा, आणि शेजारच्या मुलानें आतांच शिकवणी लावली होती. "काका, हें सगळें छान आहे. पण ह्यानें मार्क मिळतील का?" मीं सांगितलें कीं सतराव्या वर्षीं काय लागेल तें सातव्या वर्षीं कोणासच ठाऊक नसतें, पाठांतराला पुढें दहा वर्षें आहेत, वाळूंत बसण्याला फार तर चार. त्यांचें समाधान झालें असें मला वाटत नाहीं. त्यांनीं शिकवणीचें पत्रक टाकून दिलें नाहीं. त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूस मुलाला हळद फांसूं दिली.

ज्यांस मुलांना घेऊन जावयाचें असेल त्यांनीं दिवाळीनंतर जावें; तेव्हां नदी पाण्याची असूनही वाळू उघडी असते. चुंबकास कागद गुंडाळण्यास विसरूं नये, नाहींतर कण निघतां निघत नाहींत. देगलूरचा दगड व नांदेडचा दगड एकेका पुडींत, गांवाचें नांव घालून ठेवावा. आणि उन्हाळ्यांत कोणाचें त्या बाजूस जाणें झालेंच, तर काळ्या रानांतल्या भेगेंत काठी किती खोल जाते तें मुलांकडून मोजून घ्यावें. आमचें तें मोजावयाचें राहिलें आहे.