मिओम्बोच्या रानात

२१ ऑगस्ट, एन्डोला, झांबिया
पावसाला अजून दोन-अडीच महिने आहेत, जमीन ठणठणीत कोरडी, आणि झाडांना पालवी फुटतेय! खोल गेलेली मुळं आणि खोडात साठलेलं पाणी, एवढ्या भांडवलावर. तांबूस, लाल, मधेच गुलाबी. आपल्याकडे चैत्रात एखादाच कुसुम असा पेटतो, इथे अख्खं रान.

२४ ऑगस्ट
दिवसभर छातीच्या उंचीवर खोडांचे घेर घेतले. ब्रॅकिस्टेजिया, जुलबर्नार्डिया, आयसोबर्लिनिया: शेंगा धरणाऱ्या या तीन वंशांच्या झाडांनीच मिओम्बो नावाच्या या रानाचा बहुतेक भार उचललाय. वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. पट्टी किंचित सैल धरली तरी वर्षाची वाढ चुकायची.

३ सप्टेंबर
आज मुक्वा. हा आपल्या बिबळ्याचा भाऊबंद. सालीवर कोयता लागला होता, तिथून लाल चीक ओघळून वाळलेला. खाली फळं पडलेली: वाटोळी, भोवती पातळ पंख, मध्यभागी राठ काट्यांचा झुबका. याचं रोप दर कोरड्या ऋतूत जमिनीपर्यंत वाळतं, पावसात पुन्हा फुटतं. वर्षानुवर्षं हेच, आणि तेवढ्यात मूळ जाड होत राहतं. मग एका वर्षी शेंडा आगीच्या उंचीपलीकडे निसटतो. गुडघ्याएवढं रोप पाहून त्याचं वय ठरवू नये. इथे रोपं नुसती मोजून भागत नाही, मुळाचा अंदाज घ्यावाच लागतो.

११ सप्टेंबर
दुपारी पश्चिमेला धूर. ही उशिराची आग वाईट. गवत कडकडीत वाळलेलं, वर कोवळी पालवी.
१९३३ साली इथेच, एन्डोलाजवळ, वनखात्याने प्रयोग मांडला. काही तुकड्यांत आग अजिबात येऊ द्यायची नाही, काहींत पावसाळा संपताच गवत अर्धवट ओलं असताना जाळायचं, काहींत कोरड्या ऋतूच्या अखेरीस. जमीन तीच, पाऊस तोच. आग न लागलेल्या तुकड्यांत सदाहरित झाडझुडूप शिरलं आणि रान दाट झालं. लवकर जाळलं तिथे मिओम्बो टिकला. उशिरा जाळलं तिथे मिओम्बोची मुख्य झाडं हटत गेली. उरलं गवत आणि आग सोसणारी थोडी झाडं. कोणतं झाड राहील हे इथे आगीचा महिना ठरवतो. माझ्या तक्त्यात मात्र आग 'लागली' किंवा 'नाही' एवढाच रकाना आहे. उद्यापासून महिना लिहायचा.

१९ सप्टेंबर
रस्त्याच्या कडेला कोळशाची पोती रांगेने उभी, लुसाकाच्या चुलींसाठी. मागे तोडलेलं रान. पण बुंध्याबुंध्याला धुमारे आहेत, काही माझ्या खांद्यापर्यंत. अशाच फुटव्याच्या भरवशावर उत्तरेकडचे बेंबा शेतकरी चितेमेने करतात: झाडांवर चढून फांद्या छाटायच्या, मधोमध रचून जाळायच्या, राखेत नाचणी पेरायची. कोकणातला राब ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. खोड जिवंत ठेवलं, मग वीसेक वर्षं सवड दिली, तर रान परत येतं. कोळशाच्या तोडीला एवढी सवड कोणी देत नाही, आणि मला खरी काळजी त्याची वाटते.

२२ सप्टेंबर
गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलणं झालं. उशिराची आग धुमाऱ्यांपर्यंत पोचू नये म्हणून पुढच्या वर्षी तोडलेल्या रानाभोवती मे महिन्यातच जाळरेषा काढायला ते तयार आहेत. माणसं त्यांची; पाण्याच्या पंपांची सोय मी बघायची.