खुंट आणि कलम

बेळगावातील आमच्या घरामागील परसात आईने लावलेला एक गुलाब होता. फिकट गुलाबी, दाट पाकळ्यांचा; त्याचा सुगंध मागल्या ओटीपर्यंत येई. आई गेली आणि त्याची जोपासना माझ्याकडे आली. बागकामाचे मला काडीचेही ज्ञान नव्हते. भरपूर पाणी घातले की झाडावर माया केली, एवढीच माझी भाबडी समजूत होती.

पावसाळ्यात त्याच्या बुडाशी २ धुमारे फुटले आणि हां हां म्हणता पुरुषभर उंच झाले. त्यांची पाने निराळी होती, काटेही निराळे होते; परंतु झाड वाढत आहे या आनंदात मी त्याचा विचार केला नाही. दिवाळी आली तरी फूल नाही. उलट आईच्या वेळच्या फांद्या एकेक करून वाळत चालल्या. अखेर मी गल्लीतील एका वृद्ध माळीबाबांना बोलावून आणले. त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "बाई, खुंट पोसलासा आन् कलम उपाशी मारलासा!"

यातले दोन्ही शब्द मला कळले नाहीत, हे मी लाजत कबूल केले. तेव्हा तेथेच बसून त्यांनी मला बागेची बाराखडी शिकविली.

मुळांसह जमिनीत असते ते काटक झाड म्हणजे खुंट. त्यावर बसविलेला हव्या त्या जातीचा भाग म्हणजे कलम. गुलाबात बहुधा डोळा भरतात. पानाच्या बेचक्यातील अंकुर म्हणजे डोळा. तो सालीसह काढून खुंटाच्या सालीला चीर देऊन तीत बसवितात. या सांध्याखाली जे फुटते ते सारे खुंटाचे. ते वेळीच काढले नाही, तर अन्नरस तेच ओढून घेते. नुसती फांदी मातीत खोचून मुळे आणवितात ते छाट कलम. फांदी झाडावरच ठेवून तिची कड्याएवढी साल काढतात व तेथे ओले शेवाळ बांधून मुळे आणवितात, ते गुटी कलम. बुंध्याभोवती पाण्यासाठी केलेला खोलगट गोल म्हणजे आळे. आणि वाफसा म्हणजे चिखलही नव्हे व धूळही नव्हे, अशी मातीची बेताची ओल. खुरपणी करावयाची ती वाफशावरच.

"तुमच्या आळ्यात वाफसा कधी आलाच न्हाई, बाई, निस्तं पाणी!" ते म्हणाले.

जुन्या फांद्यांपैकी एक अद्याप हिरवी होती. डिसेंबरच्या थंडीत माळीबाबांनी तिच्यावरचे ३ डोळे काढून त्याच माजलेल्या धुमाऱ्यांवर, अगदी खाली भरले आणि वर केळीचे सोपट बांधले. काही दिवसांतच २ डोळे काळे पडले. तिसऱ्याकडे मी रोज सकाळी जीव मुठीत धरून पाहत असे. तीन आठवडे लोटले, तरी तो हिरवाच होता. तो फुटून जोम धरू लागला, तेव्हा त्याच्या वरचा धुमारा माळीबाबांनी छाटून टाकला. आईची ती जुनी फांदी मात्र त्या थंडीतच वाळून गेली.

उन्हाळ्याच्या तोंडी एका पहाटे मी ओटीवर आले आणि फूल दिसण्यापूर्वीच मला वास आला. तो आईचाच गुलाब होता.

वाचकहो, नव्याने बाग करू इच्छिणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: हाती झारी घेण्यापूर्वी जाणत्याजवळ घटकाभर बसा आणि झाडाच्या अंगांची नावे विचारून घ्या. केवळ एक शब्द ठाऊक नसल्यामुळे आईची आठवण मी स्वतःच्या हातांनी घालवून बसले असते.